ग्लुकोज संपल्यानंतरचे दोन तास: यीस्टमधल्या जनुक-नियमनाचं मॉडेल कसं बांधायचं

लादीपावाच्या पिठात साखर अजिबात घातली नाही, तर ते फुगताना मधेच मंदावतं. मैद्यात मुळातच असलेलं थोडंसं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यीस्ट आधी संपवतं. त्यानंतर स्टार्चपासून सुटणारं माल्टोज समोर असूनही काही वेळ गॅसचा वेग उतरतो आणि मग पुन्हा चढतो. अन्न आहे, पेशी जिवंत आहे, तरी काम थंडावलेलं. कारण माल्टोज आत घेणारी आणि फोडणारी प्रथिनं बनवण्याची जनुकं ग्लुकोज असेपर्यंत बंद ठेवलेली असतात, आणि ती उघडून प्रथिनं तयार व्हायला वेळ लागतो.

प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये हीच गोष्ट इथेनॉलच्या बाबतीत घडते आणि तिथे ती मोजायला फार सोपी असते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे आपलं बेकरीचं यीस्ट, भरपूर ग्लुकोज मिळालं की ऑक्सिजन असूनही त्याचं इथेनॉल करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. ग्लुकोज संपलं की थोडा वेळ वाढ थांबते, आणि मग तेच साठवलेलं इथेनॉल श्वसनाने जाळून यीस्ट दुसऱ्यांदा, पण सावकाश, वाढतं. या बदलाला डायऑक्सिक शिफ्ट म्हणतात. दोन टप्प्यांच्या वाढीचं हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांनी १९४० च्या दशकात दिलं, तेही जिवाणूंवर काम करताना.

मुंबईतल्या कॉलेजांतून एम.एस्सी. करणारी मुलं या विषयावर प्रकल्प घेऊन येतात, तेव्हा बहुतेकांच्या लॅपटॉपवर तीन-चारशे जनुकांचं जाळं आधीच तयार असतं. डेटाबेसमधून उतरवलेलं, रंगीत, बघायला सुंदर. मी विचारते, याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळणार? तिथे गाडी अडते. म्हणून या लेखात आपण उलट्या बाजूने जाणार आहोत. प्रश्न एकच: ग्लुकोज संपल्यावर यीस्ट थांबतं ते का, आणि साधारण किती वेळ? या प्रश्नापुरतं जे लागेल तेवढंच मॉडेलमध्ये घ्यायचं. कागद, पेन्सिल आणि पायथन चालणारा कुठलाही लॅपटॉप पुरतो. कोड लिहायची सवय नसेल तर कोपासी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात समीकरणं थेट भरता येतात.

आधी पात्रं ओळखा

यीस्टच्या जीनोमचा पूर्ण क्रम १९९६ साली हाती आला: १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख बेस-जोड्या, सुमारे ६००० जनुकं. त्यांतली दोनशेच्या आसपास जनुकं इतर जनुकांना चालू-बंद करणारे नियामक बनवतात. आपल्याला त्यांतले अगदी मोजके लागतील, पण त्यांचं काम नीट समजून घ्या. इथे घाई केली तर पुढची सगळी गणितं पोकळ राहतात.

स्नफ१ हे एक कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम. माणसाच्या पेशीत ऊर्जेचा तुटवडा ओळखणारं एएमपीके नावाचं कायनेज आहे, त्याचाच हा यीस्टमधला भाऊबंद. ग्लुकोज भरपूर असताना रेग१ आणि ग्लक७ ही जोडी स्नफ१ वरचा फॉस्फेट काढून त्याला निष्क्रिय ठेवते. ग्लुकोज घटलं की स्नफ१ जागं होतं. त्याचं नाव ‘सुक्रोज नॉन-फर्मेंटिंग’ या शब्दांवरून आलं आहे, कारण ते नसलेलं यीस्ट सुक्रोजवर वाढू शकत नाही.

मिग१ हा दाबणारा नियामक. ग्लुकोज असताना तो केंद्रकात बसतो आणि टप१ व सायक८ या सहकाऱ्यांना सोबत घेऊन अनेक जनुकं बंद ठेवतो. स्नफ१ ने त्याच्यावर फॉस्फेट लावला की तो केंद्रकाबाहेर जातो. हे सगळं काही मिनिटांत घडतं. ‘मिनिटांत’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो आपलं एक समीकरण वाचवणार आहे.

कॅट८ हा चालू करणारा नियामक. इथेनॉलवर जगायचं तर पेशीला उलट्या दिशेने साखर बनवता आली पाहिजे. त्यासाठी लागणाऱ्या पीसीके१, एफबीपी१, आयसीएल१ अशा जनुकांसमोर कॅट८ बसतो. त्याच्या बाबतीत दोन अटी आहेत, आणि या लेखाचा सगळा रस त्या दोन अटींत आहे. एक, कॅट८ चं स्वतःचं जनुक मिग१ दाबून ठेवतो. दोन, कॅट८ प्रथिन बनलं तरी स्नफ१ ने त्याला सक्रिय केल्याशिवाय ते पुरेसं काम करत नाही.

यांच्याशिवाय इथेनॉल वापरायला लागणाऱ्या एडीएच२ या जनुकावर हुकूम चालवणारा एडीआर१, श्वसनाची यंत्रणा उभी करणारा हॅप४, ग्लुकोजची दारं सांभाळणारा आरजीटी१, आणि पीकेए व आरआयएम१५ कडून येणारे ताणाचे संकेतही आहेत. ते महत्त्वाचे आहेत, पण आपल्या प्रश्नासाठी पहिल्या फेरीत बाहेर ठेवायचे. हा माझा निर्णय आहे आणि त्याची किंमत लेखाच्या शेवटी चुकवावी लागेल.

जाळ्यातल्या प्रत्येक बाणासाठी, म्हणजे एका पात्राच्या दुसऱ्यावरच्या परिणामासाठी, वहीत एक ओळ लिहा: कोण कोणावर, वाढवतो की दाबतो, आणि पुरावा कसला. नियामक जनुकासमोर प्रत्यक्ष बसलेला दिसला का? की तो काढून टाकल्यावर जनुकाची पातळी बदलली, एवढंच माहीत आहे? दुसऱ्या प्रकारात मधे आणखी कोणी असू शकतं. सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस आणि यीस्ट्रॅक्ट या दोन ठिकाणी ही माहिती मोफत मिळते, आणि यीस्ट्रॅक्टमध्ये पुराव्याचे हे दोन प्रकार वेगळे करून दाखवलेले असतात.

लोकलमध्ये सोडवता येईल असं मॉडेल

समीकरणांआधी बूलियन मॉडेल करा. प्रत्येक पात्राची किंमत ० किंवा १. ग म्हणजे ग्लुकोज, स म्हणजे सक्रिय स्नफ१, म म्हणजे केंद्रकातला मिग१, क म्हणजे कॅट८, आणि आ म्हणजे इथेनॉल वापरण्यासाठी लागणारी एन्झाइम, सगळी मिळून एक. नियम असे:

स = ग नसेल तर १
म = स नसेल तर १
क = म नसेल तर १
आ = क आणि स दोन्ही असतील तरच १

ग्लुकोज असताना स्थिती: स ०, म १, क ०, आ ०. आता ग शून्य करा आणि दर पावलाला आधीच्या स्थितीवरून सगळी नवी मूल्यं एकदम काढा. पहिल्या पावलाला फक्त स १ होतो. दुसऱ्याला म ० होतो. तिसऱ्याला क १ होतो. चौथ्या पावलाला आ १ होतो. म्हणजे चालू व्हायला चार पावलं.

आता ग पुन्हा १ करा. पहिल्या पावलाला स ० होतो. दुसऱ्या पावलाला आ ० होतो, कारण त्याच्या दोन अटींपैकी एक मोडली. क अजून १ च असतो, तो तिसऱ्या पावलाला उतरतो, पण त्याची वाट बघावी लागत नाही. बंद व्हायला दोनच पावलं.

चालू व्हायला उशीर आणि बंद व्हायला घाई, हा स्वभाव या रचनेतूनच आला. एकही मोजमाप न करता आला. स्नफ१ कडून आ पर्यंत दोन वाटा जातात, एक थेट आणि एक मिग१-कॅट८ वरून वळसा घालून, आणि दोन्ही वाटांचा निरोप आल्याशिवाय दार उघडत नाही. या रचनेला फीड-फॉरवर्ड लूप म्हणतात. कल्याणहून सीएसएमटीला बसून जायला मिळालं तर एवढं गणित ठाण्याच्या आत होतं. मी मुलांना ते हातानेच करायला लावते. बूलनेट किंवा जिनसिमसारखी सॉफ्टवेअर हे क्षणात करून देतात, पण कोणतं पाऊल कोणासाठी अडलं हे हाताने केल्याशिवाय अंगात भिनत नाही.

याच कागदावर जनुकं काढून बघा. स कायम ०, म्हणजे स्नफ१ नसलेलं यीस्ट: आ कधीच चालू होत नाही. प्रत्यक्षातही असं यीस्ट इथेनॉलवर वाढत नाही. म कायम ०, म्हणजे मिग१ नसलेलं: क ग्लुकोज असतानाही चालू राहतो, पण आ बंदच, कारण स नाही. हेही प्रत्यक्षाशी जुळतं. मिग१ काढला की कॅट८ चं जनुक ग्लुकोजमध्ये मोकळं होतं, तरी साखर बनवणारी जनुकं झोपलेलीच राहतात. आणि एक भाकीत फुकट मिळतं: मिग१ नसलेल्या यीस्टमध्ये ग्लुकोज संपल्यावर आ चार नव्हे, दोनच पावलांत चालू झाला पाहिजे. म्हणजे थांबा लहान व्हायला हवा. हे भाकीत वहीत वेगळं लिहून ठेवा.

कार्बनचा हिशेब जुळला का?

बूलियन मॉडेल ‘किती तास’ सांगत नाही. त्यासाठी बदलाच्या वेगाची समीकरणं लागतात, आणि त्यांना खरे आकडे. आकडे घालण्यापूर्वी कार्बनचा हिशेब करा. पुष्कळ प्रकल्प इथेच बिघडतात, आणि बिघडल्याचं शेवटपर्यंत कळत नाही, कारण आलेख गुळगुळीतच येतो.

यीस्ट वाढवायच्या नेहमीच्या द्रावणात, म्हणजे वायपीडी माध्यमात, लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोजच्या वजनात ४० टक्के कार्बन, म्हणजे ८ ग्रॅम. एका ग्लुकोज रेणूतून जास्तीत जास्त दोन इथेनॉल मिळतात, म्हणून एका ग्रॅम ग्लुकोजला इथेनॉलची सैद्धांतिक कमाल ०.५१ ग्रॅम. सुरुवातीचे अंदाज म्हणून आपण धरू: एका ग्रॅम ग्लुकोजमागे ०.४ ग्रॅम इथेनॉल आणि ०.१५ ग्रॅम कोरडं पेशी-वजन. मग २० ग्रॅममधून ८ ग्रॅम इथेनॉल आणि ३ ग्रॅम पेशी. इथेनॉलमध्ये सुमारे ५२ टक्के कार्बन, म्हणजे ४.२ ग्रॅम. पेशींमध्ये साधारण ४८ टक्के, म्हणजे १.४ ग्रॅम. प्रत्येक इथेनॉलमागे एक कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यात २.१ ग्रॅम. बेरीज ७.७. उरलेल्या ०.३ ग्रॅममध्ये ग्लिसरॉल, अॅसिटेट आणि श्वसनातून गेलेला थोडा वायू. हिशेब बसतो. बेरीज ८ च्या वर गेली असती तर मॉडेल हवेतून कार्बन निर्माण करत होतं.

समीकरणं

ब म्हणजे पेशींचं कोरडं वजन, ग आणि इ म्हणजे ग्लुकोज आणि इथेनॉल, तिन्ही ग्रॅम प्रतिलिटर. वेळ तासांत. क आणि आ यांना एकक नाही, ० ते १ मधली पातळी.

ग्लुकोजवरची वाढ = ०.४५ × ग ÷ (०.२ + ग)
इथेनॉलवरची वाढ = ०.१२ × आ × इ ÷ (०.५ + इ)
ब चा वेग = (ग्लुकोजवरची वाढ + इथेनॉलवरची वाढ) × ब
ग चा वेग = − ग्लुकोजवरची वाढ × ब ÷ ०.१५
इ चा वेग = ०.४ × ग्लुकोजवरची वाढ × ब ÷ ०.१५ − इथेनॉलवरची वाढ × ब ÷ ०.५
स = ०.२५ ÷ (०.२५ + ग²)
म = १ − स
क चा वेग = १ ÷ (१ + (म ÷ ०.१)²) − क
आ चा वेग = ०.५ × (क × स)² ÷ (०.०९ + (क × स)²) − ०.५ × आ

०.४५ कुठून आला? चांगल्या माध्यमात ३० अंशांना यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं. ०.६९ भागिले १.५, म्हणजे ०.४६ च्या आसपास. इथेनॉलवरचा ०.१२ म्हणजे दुप्पट व्हायला पावणेसहा तास. स आणि म यांना वेगाचं समीकरण दिलेलं नाही, कारण ते मिनिटांत बदलतात आणि बाकी सगळं तासांत. त्यांना त्या-त्या क्षणी ग्लुकोज सांगेल तीच किंमत दिली. जलद गोष्टी अशा बाजूला काढल्या की मॉडेल हलकं होतं आणि समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर, अडखळत नाही.

वर्ग जिथे आहे ते हिल फलन. वर्ग केल्यामुळे प्रतिसाद उताराऐवजी पायरीसारखा होतो. स मधला उंबरठा अर्ध्या ग्रॅमवर ठेवला आहे: ग २० असताना म जवळजवळ १, ग ०.५ असताना नेमका अर्धा, आणि ०.१ ला आल्यावर ०.०४ च्याही खाली. हा उंबरठा माझा अंदाज आहे, मोजलेला नाही. अशा प्रत्येक आकड्यासमोर ‘मोजलेला’, ‘दुसऱ्याच्या प्रयोगातून घेतलेला’ की ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द लिहायची सवय लावा. मोजून बघा, या मॉडेलमध्ये एकूण सतरा आकडे आहेत, आणि त्यांतले निम्मे तरी अंदाज आहेत.

सुरुवातीला ब ०.०२, ग २०, इ ०, क ०.०१, आ ०. पायथनमध्ये सायपाय या लायब्ररीतला सॉल्व्ह_आयव्हीपी हा सॉल्व्हर घ्या आणि पद्धत एलएसओडीए निवडा. ग्लुकोज संपण्याच्या क्षणी समीकरणं अचानक वळतात, साधी पद्धत तिथे ग्लुकोज शून्याखाली नेते. तसं झालं तर सहनसीमा, म्हणजे सॉल्व्हरला चालणारी चूक (टॉलरन्स), घट्ट करा. उणं ग्लुकोज शून्यावर कापून टाकणारी ओळ कोडात घालू नका, त्याने चूक झाकली जाते, जात नाही.

संगणक चालवण्याआधी उत्तर हाताने काढा. पेशी ०.०२ वरून ३ वर जायच्या, म्हणजे दीडशे पट. दीडशेचा नैसर्गिक लॉग ५, भागिले ०.४५, म्हणजे ११ तासांच्या आसपास ग्लुकोज संपलं पाहिजे. मग थांबा. मग ८ ग्रॅम इथेनॉलमधून अर्ध्या उत्पन्नाने आणखी ४ ग्रॅम पेशी, म्हणजे शेवट ७ ग्रॅमवर, बाविसाव्या-तेविसाव्या तासाच्या सुमारास. संगणकाचं उत्तर याच्या जवळपास नसेल तर टंकताना चूक झाली आहे.

थांब्यात नेमकं काय घडतं

ग्लुकोज घसरताच क वाढू लागतो, पण त्याचा स्वतःचा काळ एक तासाचा. आ त्याच्याही मागे, त्याचा काळ दोन तासांचा. दोघांची मिळून सुमारे दोन तासांची सपाट जागा वाढीच्या आलेखात दिसते. थांब्याचं उत्तर हेच: अन्नाचा तुटवडा नाही, बांधकामाला लागणारा वेळ आहे.

आता मॉडेलला असा प्रश्न विचारा जो नुसता आलेख बघून सुचला नसता. ग्लुकोज थोडाच वेळ गेलं आणि परत आलं तर? ब आणि इ गोठवा, ग स्वतःच्या हाताने ०.१ वर आणा, १५ मिनिटं ठेवा, पुन्हा २० करा. १५ मिनिटांच्या शेवटी आ जेमतेम दीड टक्क्यावर पोचतो. तेच तीन तास ठेवलं तर ६० टक्क्यांच्या वर जातो. वेळ बारापट, एन्झाइम चाळीसपट. छोटीशी टंचाई पेशी चक्क दुर्लक्षित करते आणि ग्लुकोज परतताच नवं बांधकाम ताबडतोब थांबवते. बूलियन कागदावरची ‘चार आणि दोन’ पावलं इथे तासांच्या भाषेत दिसतात. मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आनंद देणारी जागा ही आहे. पेशीत मेंदू नाही, आणि तरी दोन अटींच्या एका दाराने तिला सबुरी येते.

खऱ्या मोजमापांशी गाठ

या विषयावरचा सर्वांत प्रसिद्ध खुला डेटा १९९७ चा. जोसेफ डेरिसी, विश्वनाथ अय्यर आणि पॅट्रिक ब्राउन यांनी डीएनए मायक्रोअॅरे (एकाच काचपट्टीवर हजारो जनुकांची पातळी मोजण्याचं तंत्र) वापरून यीस्टच्या जवळजवळ सगळ्या जनुकांची पातळी डायऑक्सिक शिफ्टमधून जाताना मोजली. दोन-दोन तासांच्या अंतराने सात नमुने. सुमारे ७१० जनुकं दुपटीहून अधिक वाढली आणि सुमारे १०३० निम्म्याहून खाली गेली. आकडे जीईओ या सार्वजनिक संग्रहात जीएसई२८ या क्रमांकाखाली मिळतात.

उतरवल्यावर तीन गोष्टी सांभाळा. पहिली, वेळेवर वेळ ठेवून तुलना करू नका. त्यांच्या फ्लास्कमध्ये सुरुवातीच्या पेशी वेगळ्या होत्या, त्यामुळे ग्लुकोज संपण्याचा तास तुमच्या मॉडेलपेक्षा वेगळा असणार. दोन्ही आलेख ‘ग्लुकोज संपल्यापासून किती वेळ’ अशा मापावर आणा. दुसरी, ते आकडे आरएनएचे आहेत आणि तुलनेने दिलेले आहेत, आपला आ एन्झाइम आहे. आरएनए आधी चढतं, प्रथिन मागाहून येतं. त्यामुळे पीसीके१, आयसीएल१, एफबीपी१ यांचे आकडे आ च्या पातळीशी न जुळवता त्याच्या निर्मितीच्या पदाशी, म्हणजे समीकरणातल्या पहिल्या भागाशी जुळवा. तिसरी, वाढ मंदावली की रायबोसोमची शेकडो जनुकं एकदमच खाली येतात. त्यांच्यात आणि कॅट८ मध्ये उलटा संबंध सुंदर दिसतो, पण त्याचा अर्थ कॅट८ त्यांना दाबतो असा नव्हे.

याच जागी मुलांना मोह होतो: सात नमुने आणि ६००० जनुकं एखाद्या अल्गोरिदमला देऊन जाळं आपोआप काढू. दोनशे नियामक गुणिले ६००० जनुकं म्हणजे बारा लाख संभाव्य बाण, आणि हातात सात बिंदू. डेटावरून जाळं ओळखायच्या ड्रीम५ या स्पर्धेत, जिचे निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाले, अनेक गटांच्या पद्धती एकत्र तपासल्या गेल्या. ई. कोलाय या जिवाणूसाठी त्या बऱ्यापैकी चालल्या, यीस्टसाठी निकाल फारच क्षीण आला, तोही कितीतरी मोठा डेटा असताना. जेनी३ सारखी जाळं काढणारी साधनं शंका सुचवायला वापरा, सिद्ध करायला नको.

स्वतः मोजणार असाल तर एक मुंबईची अडचण सांगते. यीस्ट ३० अंशांना वाढवतात, आणि आपल्याकडे खोलीचं तापमान बराच काळ तेवढंच असतं, म्हणून कॉलेजांत फक्त गरम करणारा शेकर, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र, पुरेल असं वाटतं. मे महिन्यात मी एका प्रयोगशाळेत बसून तीन आठवडे मोजमापं घेतली आणि प्रत्येक दिवशी वाढीचा वेग वेगळा आला. शेकरच्या काट्यावर ३० होतं. फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवला तेव्हा ३४ निघालं. गरम करणारं यंत्र थंड करू शकत नाही, मोटरची उष्णताही त्यात मिसळते. ते तीन आठवड्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून पाण्याने भरलेल्या एका जादा फ्लास्कमध्ये थर्मामीटर ठेवून दर नमुन्याला तापमान लिहिणं मी सोडलेलं नाही. आणि इथेनॉल उडतं: तेवढ्याच माध्यमात यीस्ट न घालता ८ ग्रॅम इथेनॉल टाकलेला एक फ्लास्क सोबत हलवा. त्यातलं जे घटेल ते यीस्टच्या नावावर लावू नका. गढूळपणावरून पेशींचं वजन काढण्याचं कोष्टकही आपल्याच यंत्रावर, आपल्याच वाणाचं बनवा.

आकडे बसवणं, आणि मॉडेलला चुकायची संधी देणं

सतरा आकडे एकदम बसवायला गेलात तर कुठलाही आलेख बसेल. म्हणून वाढीचे आणि उत्पन्नाचे आकडे ग्लुकोज आणि इथेनॉलच्या मोजमापांवरून आधी पक्के करा आणि गोठवा. मग नियमनातले तीन-चारच मोकळे सोडा: उंबरठा, क चा काळ, आ चा काळ, आणि ०.०९ मागचा ०.३ (०.०९ हा त्याचा वर्ग). हे सगळे लॉग मापावर शोधा, म्हणजे उणी किंमत येणार नाही. वेगवेगळ्या पन्नास ठिकाणांहून शोध सुरू करा. त्यानंतर एकेक आकडा मुद्दाम दुप्पट-निम्मा करून धरा आणि बाकीचे पुन्हा बसवा. जुळणी बिघडली नाही, तर तो आकडा तुमच्या डेटातून ठरतच नाही, आणि अहवालात तसं लिहायचं. क चा काळ आणि आ चा काळ बहुधा असेच एकमेकांच्या आड लपतात: एक वाढवून दुसरा कमी केला की थांबा तेवढाच राहतो. त्यांना सुटं करायला कॅट८ चं वेगळं मोजमाप लागतं.

खरी परीक्षा त्या यीस्टवर, ज्याचा डेटा बसवताना वापरलाच नाही. कॅट८ काढा, क शून्य: इथेनॉलवर वाढ नाही. बरोबर. स्नफ१ आणि मिग१ दोन्ही काढा, स आणि म दोन्ही शून्य: क भरपूर, पण आ बंद, इथेनॉलवर वाढ नाही. हेही बरोबर, मिग१ गेल्याने सुक्रोजची अडचण बरीच सुटते पण इथेनॉलची सुटत नाही. आता रेग१ काढा. स कायम १, म कायम ०. मॉडेल सांगतं की एन्झाइम ग्लुकोजमध्येच तयार राहतील. इथपर्यंत ठीक, रेग१ नसलेल्या यीस्टमध्ये ग्लुकोजचं दडपण खरंच सुटतं. पण मॉडेल पुढे म्हणतं की असं यीस्ट ग्लुकोज आणि इथेनॉल एकदम वापरून मूळ यीस्टपेक्षा जरा वेगानेच वाढेल. प्रत्यक्षात ते ग्लुकोजवर हळू वाढतं.

इथे आपलं मॉडेल चुकलं, आणि कुठे चुकलं ते दिसतंही आहे. आ बनवायला आपण पेशीला काहीच खर्च लावला नव्हता. प्रथिनं बनवण्याची क्षमता मर्यादित असते, एकीकडे दिली की दुसरीकडे कमी पडते. पुढची सुधारणा म्हणजे ग्लुकोजवरच्या वाढीला (१ − ०.३ × आ) असा गुणक लावून पाहणं, आणि त्यातला ०.३ मोजमापावरून ठरवणं. त्यानंतर हॅप४ आणि एडीआर१ आत घ्या, एकावेळी एकच, आणि प्रत्येक वेळी आधीचं मॉडेल ज्यात नापास झालं ती गोष्ट नवं मॉडेल पास करतं का ते बघा. पास होत नसेल तर ते पात्र परत बाहेर.

आता तोच साचा पावाच्या पिठावर चालवा. पिठात ऑक्सिजन लवकर संपतो, म्हणून इथेनॉलची ओळ काढून टाका. तिच्या जागी माल्टोज येईल, आणि आ म्हणजे माल्टोज आत घेणारं व फोडणारं प्रथिन. मिग१ इथे त्या प्रथिनांची जनुकंही दाबतो आणि त्यांना चालू करणाऱ्या नियामकाचं जनुकही, म्हणजे पुन्हा दोन वाटा. शिवाय माल्टोज स्वतः हजर असल्याशिवाय तो नियामक काम करत नाही, तेव्हा ‘आणि’ ची आणखी एक अट. मोजमापासाठी शेकर नको, गढूळपणा मोजणारं यंत्र नको. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट यांचं सैलसर पीठ दोन उंच मोजपात्रांत भरा, एकात मैद्याच्या चार टक्के ग्लुकोज घाला, दुसऱ्यात काहीच नको. दर दहा मिनिटांनी उंची लिहा, चार तास. उंचीऐवजी दोन नोंदींमधला फरक आलेखावर मांडा. बिनसाखरेच्या पात्रात तो फरक जिथे उतरून पुन्हा चढतो, त्या दोन वेळांमधलं अंतर मॉडेलच्या आ च्या काळाशी ताडून बघा.